दुसऱ्या बाजूची चित्रे

युद्धाचा खेळ करावा की न करावा, हा वाद जुना आहे. त्याच्या पोटात एक धाकटा प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. खेळ मांडावयाचाच ठरला, तर त्यात सैनिक कोणते घ्यावेत? वरवर पाहता ही दुकानातल्या खरेदीची गोष्ट वाटते. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु मनुष्य आपल्या हाताने एक लहानसे जग मांडू लागला, की त्या जगात कोणाला जागा द्यावी आणि कोणाला देऊ नये हे त्याला ठरवावे लागते. आणि जेथे असे ठरवावे लागते तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतोच. झाशीसारख्या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला तर तो अधिकच जवळचा आहे.

आपल्याकडे ह्या खेळाची पहिली ओळख होते ती दिवाळीच्या किल्ल्यापासून. सहामाही परीक्षा आटोपली, की मुले दगडविटा, जुनी पोती आणि चिखल गोळा करतात. बदलीच्या गावी अंगण नसले, तर क्वार्टर्सच्या मागची हातभर जागाही पुरते. बुरूज उठतात, भुयारे निघतात, उतारावर अळीव आणि मोहरी पेरली जाते. मग कुंभाराकडची 'चित्रे' आणावयाची. मातीच्या ह्या रंगीत बाहुल्यांना चित्रे म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. सिंहासनावर महाराज, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, तटावर मावळे, बुरुजावर तोफ. आणि पायथ्याच्या गावात गवळण, वाणी, शेतकरी, विहिरीवरची बाई. ही सर्व मांडणी डोळ्यांपुढे आणली, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ह्या किल्ल्यावर शत्रू कोठेच नाही. पहारा आहे, तोफा रोखलेल्या आहेत, भाले उभे आहेत. पण ते कोणासाठी, हे ह्या मांडणीत दिसत नाही. अफझलखानाचा प्रसंग कोणी मांडला तर खानाचे एखादे चित्र येते, आणि तेही वधापुरतेच. एरवी समोरची बाजू रिकामी असते.

युरोपात सैनिकांचा जो खेळ वाढला, त्याची रीत नेमकी उलट आहे. तेथे दोन बाजूंवाचून खेळच सुरू होत नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजापुढे युद्धाचा एक पट मांडून दाखविला. त्याच्या सेनाधिकारी मुलाने १८२४ साली त्याचे नियम नीट बसवून दिले, आणि तो खेळ लष्करी शिक्षणाचा भाग झाला. त्यात सैनिक नव्हते, लाल आणि निळ्या रंगांचे ठोकळे होते. पुढे एच. जी. वेल्स ह्या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि मुलांचे शिशाचे शिपाई मोठ्या माणसांच्या खेळात आणले. खऱ्या युद्धाचा मूर्खपणा ह्या धाकट्या युद्धाने माणसाला कळावा, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले, ही गोष्ट निराळी.

ठोकळ्याच्या जागी शिपाई आला, तेव्हा खेळात एक मोठा फरक पडला. ठोकळ्याला चेहरा नसतो. आपल्या बुद्धिबळाच्या पटावरही काळ्या आणि पांढऱ्या बाजूंची मोहरी अगदी सारखी असतात; काळ्या हत्तीविषयी कोणाच्या मनात द्वेष उत्पन्न होत नाही. परंतु बोटभर उंचीच्या मूर्तीला नाक, डोळे, पोशाख आणि शस्त्र आले, की ती कोणाची तरी मूर्ती होते. ती कोणत्या देशाची, कोणत्या शतकाची, कोणत्या बाजूची, ह्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. निवड येते ती चेहऱ्याबरोबर.

हे स्पष्ट होण्यासाठी ह्या खेळातल्या सर्वांत आवडत्या सेनेचेच उदाहरण घेऊ. आज जगभर अनेक हौशी मंडळी प्राचीन रोमचे सैन्य जमवितात. अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे किंवा त्याहूनही लहान पुतळे आणून ते स्वतः रंगवितात. नवशिक्याला वाटते, रोमन शिपाई म्हणजे पोलादी पट्ट्यांचे चिलखत आणि मोठी चौकोनी ढाल. चित्रपटांनी हेच रूप डोळ्यांत भरविले आहे. पण 'रोम' हा एक शब्द म्हणजे अनेक शतके होत. प्रजासत्ताकाच्या काळात वयाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे तीन रांगांत उभे राहणारे नागरिक-सैनिक होते. इ. स. पूर्व ५८ ते ५० ह्या काळात गॉल जिंकणाऱ्या सीझरचे शिपाई कड्या गुंफलेले चिलखत घालीत. पट्ट्यांचे चिलखत प्रचारात आले ते ऑगस्टसच्या अमदानीत. तेव्हा सीझरच्या हाताखाली पट्ट्यांच्या चिलखताची पलटण उभी करणे, म्हणजे पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेस काडतुसांच्या बंदुका देण्यासारखे आहे. जाणता खेळाडू तसे करीत नाही. त्याला पुस्तके चाळावी लागतात, नाण्यांवरचे आणि शिल्पांतले पोशाख पाहावे लागतात. छंदाच्या मिषाने का होईना, सत्याशी इमान राखण्याची सवय त्याला लागते. निवडीची पहिली नीती ही.

दुसरी ह्याहून कठीण आहे. रोमन पलटण आणली, की तिच्यासमोर कोण, हे ठरवावे लागते. गॉल, जर्मन, ब्रिटन, डेशियन ही मंडळी पूर्वी 'रानटी' ह्या एका सदरात टाकली जात. सर्वांना तीच दाढी, तोच उघडा देह, तीच आरोळी. परंतु रोमनांनी स्वतः काय केले ते पाहावे. सम्राट ट्रेजनने डेशियन लोकांवर दोन युद्धांत विजय मिळविला, आणि त्याचे स्मारक म्हणून इ. स. ११३ मध्ये रोम शहरात उंच स्तंभ उभारला. त्याच्यावर नागमोडी वर चढत गेलेल्या शिल्पपट्टात हजारो आकृती आहेत. विजेत्याचे स्मारक म्हणून ते एकांगी आहेच. तथापि त्यात पराजितांना पोशाख आहे, चेहरा आहे, दुःख आहे. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण पत्करणारा राजा डेसिबॅलस तेथे आहे. बायकामुले आणि गुरे घेऊन निघालेली माणसे आहेत. ज्या हातांनी विजय कोरला, त्याच हातांना समोरचा माणूस पुसून टाकणे साधले नाही, किंवा टाकावासा वाटला नाही.

ह्या स्तंभावरची आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तेथे खरे रोमन नागरिक असलेले शिपाई पुष्कळदा किल्ले, पूल आणि रस्ते बांधताना दिसतात. लढाईच्या गर्दीत पुढे असतात ते बहुधा साहाय्यक पलटणींतले लोक. हे साहाय्यक रोमचे नागरिक नव्हते. जिंकलेल्या प्रांतांतून भरती झालेले हे लोक पंचवीस वर्षे चाकरी करीत, तेव्हा त्यांना नागरिकत्व मिळे. म्हणजे रोमची लढाई लढणाऱ्यांत रोमने जिंकलेल्यांचेच मुलगे होते. मग 'रोमन' कोणाला म्हणावे आणि शत्रू कोणाला म्हणावे? साम्राज्याची गोष्ट अशीच असते. तिच्यात दोन बाजूंची रेघ माणसांच्या घरांतून जाते.

आणि येथे झाशीचा विषय अनायासे निघतो. हा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. १७४२ पासून नारो शंकराने येथे मराठी सुभा बसविला आणि किल्ला वाढविला. त्याने वाढविलेला भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. त्यापुढे नेवाळकर घराणे आले. ह्या तटाच्या सावलीत राहणाऱ्या मराठी घरात दिवाळीचा किल्ला उठतो, तेव्हा मुलाच्या डोळ्यांपुढे रायगडाइतकाच हाही किल्ला असणे स्वाभाविक आहे. समजा, एखाद्या मुलाने १८५८चा वेढा मांडावयाचे मनात आणले. त्याने कोणती चित्रे आणावीत?

राणी लक्ष्मीबाई अर्थातच पहिली. घोड्यावर, पाठीशी दत्तक मुलगा बांधलेला, हे रूप आपणा सर्वांच्या मनात कोरलेले आहे. पण तटावर कोण उभे होते? तोफखान्यावर गुलाम गौसखान होता. खुदाबक्ष आणि मोतीबाई ह्यांच्यासह त्याची कबर आजही किल्ल्यात आहे, आणि 'कडक बिजली' तोफही तेथेच पाहावयास मिळते. राणीच्या पदरी विलायती म्हणविणारे पठाण होते, बुंदेले होते. कोरी समाजातली झलकारीबाई बुंदेलखंडाच्या लोकस्मृतीत राणीच्या बरोबरीने जिवंत आहे. तेव्हा केवळ फेटेवाल्या मावळ्यांची रांग तटावर लावली, तर सीझरच्या सैन्याला पट्ट्यांचे चिलखत घालण्याचाच तो प्रकार होईल. आपल्या बाजूचे चित्रही खरे असावे लागते.

आता तटाबाहेर पाहू. सर ह्यू रोजच्या सैन्याने मार्चच्या अखेरीस वेढा घातला. १ एप्रिलला बेटवेच्या काठी तात्या टोप्यांची कुमक परतविली. ३ एप्रिलला शहरावर हल्ला चढविला. हे सैन्य केवळ गोऱ्यांचे नव्हते. हल्ल्यात गोऱ्या पलटणींच्या बरोबर मुंबई लष्कराची पंचविसावी देशी पलटण होती, हैदराबाद कंटिंजंटचे लोक होते. मुंबई लष्करात कोकणातले आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने भरती होत, हे सर्वश्रुत आहे. रत्नागिरीकडून आलेल्या नेवाळकरांच्या किल्ल्यावर चालून येणाऱ्यांत त्याच रत्नागिरीची बोली बोलणारे शिपाई असतील, ही गोष्ट मनाला लागते. तांबड्या डगल्याचा निळ्या डोळ्यांचा साहेब मांडून हा वेढा पुरा होत नाही. ज्याच्या हातात शिडी आहे आणि ज्याच्या गावी आपल्या गावासारखेच ग्रामदैवत आहे, असा एक शिपाई तेथे मांडावा लागतो. त्याने मीठ खाल्ले होते, तो हुकमाचा ताबेदार होता, त्याच्या पगारावर घर चालत होते. त्याला क्षमा करा असे मी म्हणत नाही. तो तेथे होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

ह्यावर एक आक्षेप सहज सुचतो. मुलांच्या खेळात एवढा हिशेब कशाला? त्यांना वीर हवा असतो. शत्रूला चेहरा दिला, तर वीराचे तेज कमी होणार नाही काय? मला नेमके उलट वाटते. कागदी शत्रूशी लढलेल्याचे शौर्यही कागदीच ठरते. समोरचा सेनापती कसलेला होता, त्याचे सैन्य शिस्तीचे होते, त्याच्या तोफा भारी होत्या; म्हणूनच त्या वेढ्यातून ४ एप्रिलच्या रात्री घोडा बाहेर काढणे ही गोष्ट इतिहासात उरली. बंडवाल्यांत सर्वांत शूर म्हणून राणीची वाखाणणी पुढे खुद्द रोजनेच केली. शत्रूने तिला ओळखले होते. आपण तिच्या शत्रूला ओळखावयाचे नाकारले, तर मनाचा मोठेपणा कोणाकडे राहिला?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन्ही बाजू सारख्याच निगुतीने मांडणारा मनुष्य शेवटी कोणाचा? टेबलाच्या कडेला उभा राहून दोन्ही सेनांकडे सारख्याच कौतुकाने पाहणारा न्यायान्यायालाच पारखा होणार नाही काय? ह्याचे उत्तर शोधताना मला ह्याच मुलखातला एक खेळ आठवतो. बुंदेलखंडात आणि ब्रजाकडे दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत मुले टेसू घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडतात. तीन काड्यांवर बसविलेले योद्ध्याचे मातीचे डोके, असे टेसूचे रूप. लोक त्याची कथा बर्बरीकाशी जोडतात. घटोत्कचाचा हा मुलगा. जी बाजू दुबळी तिच्याकडून लढेन, अशी त्याची प्रतिज्ञा. परंतु ज्या बाजूला तो मिळेल ती बलवान होणार आणि दुसरी दुबळी, म्हणजे त्याने पुन्हा बाजू बदलावयाची. अशाने दोन्ही सैन्ये संपून एकटा तोच उरणार. म्हणून श्रीकृष्णाने त्याचे मस्तक मागून घेतले, आणि त्या मस्तकाने टेकडीवरून अठरा दिवसांचे युद्ध पाहिले. टेबलाशी उभा असलेला खेळाडू हा असा बर्बरीकच होय. सर्व पाहतो, दोन्हीकडून लढू शकतो, आणि त्याला धड नाही. पाहण्याची दृष्टी त्याच्यापाशी आहे. कृतीचे हातपाय गेले आहेत.

तेव्हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्याने सिद्ध होते ते इतकेच, की दोन्ही बाजू पाहणे ही नीतीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. १८५३च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखत मुलगा दत्तक घेतला, आणि १८५४ साली तो दत्तक नाकारून डलहौसीने झाशी खालसा केली. हा अन्याय होता. शत्रूच्या शिपायाला चेहरा दिल्याने ह्या अन्यायाचे वजन गुंजभरही कमी होत नाही. तसेच ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत इंग्रज पुरुष, बायका आणि मुले मिळून सुमारे साठ जणांची कत्तल झाली, तोही अन्याय होता. इतिहासकार बहुधा राणीला त्या दोषातून मुक्त करतात. तरी बंडवाल्या शिपायांच्या माथ्यावरून तो ढळत नाही. ज्याला दोन्ही बाजूंचे चेहरे दिसतात, त्यालाच हे दोन्ही अन्याय दिसतात. न्याय करावयाचा तर आधी साक्षी पुरे हवेत. निःपक्षपाती मांडणीने निवाडा टळत नाही; तो अधिक जबाबदारीने करावा लागतो.

येथे आपल्यासारख्या, बदलीच्या गावी सरकारी काम करणाऱ्या वाचकांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपला व्यवसायच टेबलावरचा आहे. नकाशा, आकडे आणि टिपणे ही आपली मोहरी. एखाद्या धरणाखाली किती गावे जातील, कोणत्या वस्तीतून रस्ता निघेल, कोणाचा अर्ज मुदतीबाहेर ठरेल, हे सर्व कागदावर सरकविले जाते. आणि कागदावरची माणसे राइसविट्झच्या ठोकळ्यांसारखी असतात, रंगापुरती निराळी, चेहऱ्यावाचून. झाशीचे राज्य प्रथम गेले ते तोफेने नव्हे. कलकत्त्यास एका टेबलावर, एका टिपणाने गेले. राणीचे खलिते तेथे पोचले होते, परंतु वाचणाऱ्याच्या लेखी ती एका प्रकरणातली अर्जदार होती. चार वर्षांनी त्या प्रकरणाला चेहरा आला, तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या हातून राज्ये खालसा होत नाहीत हे खरे. पण एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन, एखाद्याची दोन बिघे जमीन आपल्या सहीवर अवलंबून असते. ठोकळ्याच्या जागी मूर्ती ठेवून पाहण्याची सवय खेळात लागली, तर ती कचेरीत निरुपयोगी ठरणार नाही.

एका माणसाचा उल्लेख मात्र राहिला. वेढ्याच्या दिवसांत वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत होते. दक्षिणेच्या आशेने चुलत्याबरोबर घरून निघालेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला. शहर पडल्यावरची कत्तल, लूट, जाळपोळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली. स्वतः लुटले गेले, तरी आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन पायी घरी पोचले. त्यांनी पुढे लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, आणि झाशीच्या त्या दिवसांची आतून सांगितलेली हकिगत आपल्याला मिळाली. आता युद्धाच्या पटावर ह्या भटजींना जागा कोठे? ते लढत नाहीत, त्यांना चाल नाही, त्यांच्या मरण्याने कोणाचा डाव हरत नाही. रोमन सेना जमविणाराही बहुधा शिपाई, घोडेस्वार, निशाणवाले एवढेच घेतो. पळत सुटलेले कुटुंब तो विकत घेत नाही, कारण नियमात त्याला किंमत नाही. खेळाचे नियम ज्यांना मोजत नाहीत, त्यांच्यावरच युद्धाचा भार अधिक पडतो.

ह्या बाबतीत आपल्या मुलांचा दिवाळीचा किल्ला त्या पंडिती खेळाहून शहाणा आहे, असे मला वाटते. त्याच्या पायथ्याशी गाव असते. गवळण असते, वाणी असतो, विहिरीवरची बाई असते, आणि सर्वांत वर गड असतो तो त्यांच्यासाठी. एवढी गोष्ट आपल्या कुंभारांनी कोणत्याही पुस्तकावाचून जाणली. त्यांच्या टोपलीत उणीव आहे ती समोरच्या बाजूची. तटाखाली, भाला घेऊन वर पाहणारा एखादा परका शिपाई ह्या दिवाळीस मांडून पाहावा. तो कोण, कोठून आला आणि कशासाठी आला, हे मूल विचारील. त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची तयारी मात्र वडील माणसांनी ठेवली पाहिजे.